तेरहून भडोच

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या येरमाळ्यावरून जातो. बाहेरची माणसे आमचे गाव ओळखतात ती दोन गोष्टींमुळे. एक येडेश्वरी देवी आणि दुसरा हा रस्ता. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी आमराईकडे निघते, तेव्हा वाटेवरच्या काळ्या रानात माणसे वाकून चुनखडे वेचत असतात. ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे ते विसरणार नाहीत. रस्त्याचे मात्र कुणाला काही वाटत नाही. तो आहे तो आहेच.

मी इथे शाळेत इतिहास शिकवत असे. मधल्या सुटीत मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून ट्रकच्या नंबरांवरून गाव ओळखण्याचा खेळ खेळत. त्यात 'जीजे 16' आला की मी म्हणे, हा भडोचचा. बाळांनो, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखातला माल भडोचला जात होता, आता भडोचचा ट्रक आपल्या दारावरून जातो आहे. मुले मान डोलवत आणि पुढच्या ट्रकची वाट पाहत. मी स्वतः भडोच पाहिलेले नव्हते. नोकरीची सगळी वर्षे मी त्या गावाविषयी न पाहता बोलत आलो. गेल्या हिवाळ्यात ते एकदाचे पाहून आलो, त्याची ही हकिगत.

आपल्या जिल्ह्यातले तेर हे गाव सर्वांना माहीत आहे ते गोरोबाकाकांचे म्हणून. इतिहासात तेच गाव 'तगर' या नावाने प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ते छोटे पुस्तक ओळखले जाते. लेखकाचे नाव त्यावर नाही. मात्र कुठे काय विकले जाते, कुठे खडक आहेत, कुठल्या राजाला काय नजराणा चालतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. भडोचला तो 'बारीगाझा' म्हणतो. तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे शहर आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात. तगरहून जाडेभरडे कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि पूर्व किनाऱ्याकडून तिथे आलेला आणखी माल येतो. हे सारे गाड्यांत घालून, धड वाटा नसलेल्या मुलखातून भडोचला आणले जाते.

हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर विद्वानांनी बराच काळ वाद घातला. कुणी दौलताबाद म्हटले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर म्हटले, रा. गो. भांडारकरांचा कल धारूरकडे होता. अखेर 1901 साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे मांडले आणि पुढच्या उत्खननांनी ते पक्के केले. शेकडो वर्षांनंतर ठाण्याचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. कोकणात राज्य करावे आणि बिरूद आपल्या तेरणाकाठचे लावावे! यावरून त्या गावाची पत लक्षात यावी.

माझ्या पत्नीचे माहेर तेर. म्हणून हा इतिहास आमच्या घरात जरा वेगळ्या तऱ्हेने नांदतो.

माझा भाचा अंकलेश्वरला रसायनांच्या कारखान्यात नोकरीला आहे. "मामा, दरवर्षी येतो म्हणता, या एकदा. नदी ओलांडली की तुमचं भडोच," असे तो कितीदा तरी म्हणाला होता. पत्नीची अट एकच होती. तिने उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. मी म्हटले, अगं, बंदराच्या गावाला चाललोय, आणखी काय पाहिजे? इथे माझी चूक झाली, ती पुढे कळेलच.

येरमाळा ते भडोच हे अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर आहे. बीड, गेवराई करत आम्ही छत्रपती संभाजीनगरला लेकीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी कन्नडचा घाट उतरून धुळे, नवापूर, सुरत असे गेलो. या घाटाच्या परिसरातच गौताळ्याच्या जंगलात पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यांतल्या एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचा, म्हणजे अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचा, दानलेख आहे. पैठणचा व्यापारी या डोंगरात दान देतो, तेव्हा त्याची ये-जा इथून होती असे मानायला हरकत नाही. बसच्या खिडकीतून मी पत्नीला तो डोंगर दाखवला. ती म्हणाली, "बैलांचे हाल झाले असतील हो या चढाला." पेरिप्लसच्या लेखकाने बैलांविषयी एक अक्षर लिहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा आम्ही भाच्याच्या दारात होतो. पूर्वीच्या तीस दिवसांच्या जागी आमचे दोन दिवस, तेही मुक्काम धरून.

सकाळी नर्मदा ओलांडून भडोचला गेलो. शेजारी 1881 साली खुला झालेला लोखंडी पूल दिसतो, त्याला तिथे गोल्डन ब्रिज म्हणतात. दुरुस्त्यांवर इतका पैसा गेला की तेवढ्यात सोन्याचा पूल झाला असता, अशी त्या नावामागची लोकांची कथा. आम्ही गेलो तो 2021 साली झालेल्या नव्या पुलावरून. पात्र एक किलोमीटरहून रुंद. आमच्याकडे तेरणा आणि मांजरा पाहून वाढलेल्या माणसाला एवढे पाणी एका नदीत मावते हेच आधी पटत नाही.

गाव उंच टेकाडावर आहे आणि टेकाडाच्या नदीकडच्या अंगाला जुन्या तटाची भिंत उभी आहे. आम्ही तिथे जाऊन उभे राहिलो. खाली नर्मदा, पलीकडे शेते आणि कारखान्यांच्या चिमण्या. पत्नीने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि विचारले, "अहो, समुद्र कुठंय?"

समुद्र तिथून सुमारे पन्नास किलोमीटर लांब होता. मी तीस वर्षे मुलांना बंदर म्हणून शिकवलेले गाव नदीकाठचे आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरी मनातल्या चित्रात मी तिथे लाटा घातल्या होत्या, तो भाग वेगळा. भाचा हसू दाबत होता.

खरे म्हणजे समुद्र लांब असणे हेच या बंदराचे मर्म आहे. नर्मदेचे मुख फसवे. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, दहा मीटरच्या घरातली. वाळूचे दांडे, जागा बदलणारे प्रवाह. पेरिप्लसचा लेखक एरवी हिशेबी आणि कोरडा लिहितो, पण भडोचच्या भरतीवर आला की त्याची लेखणी घाबरते. अमावास्येच्या सुमाराला पाण्याचा लोंढा असा येतो की लांबून फौज चालून येत असल्याचा आवाज वाटतो. नांगरलेली जहाजेही उलटतात, असे तो सांगतो. म्हणून राजाने स्थानिक कोळ्यांना चाकरीला ठेवले होते. ते मोठ्या होड्या घेऊन समुद्रात सामोरे जात, परक्या जहाजांना दोर बांधून वल्ह्यांच्या जोरावर ओढत आणत. भरती लागली की निघायचे, ओसरली की ठरावीक खोल डोहांत थांबायचे. या होड्यांची 'त्रप्पग' आणि 'कोतिंब' ही नावेही त्याने टिपली आहेत. 'अंगविज्जा' या प्राकृत ग्रंथात त्यांच्याशी जुळणारी 'तप्पक' आणि 'कोट्टिंब' ही नावे सापडतात. राजांची नावे ग्रीकांनी मोडूनतोडून लिहिली, पण होडीचे नाव बरोबर लिहिले. जिच्यावर जीव अवलंबून, तिचे नाव माणूस नीट लक्षात ठेवतो.

आत आलेल्या जहाजांतून उतरे ती इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळी. राजासाठी चांदीची भांडी, उंची मद्य, एवढेच काय, गाणारी मुले आणि देखण्या मुलीसुद्धा. चढे ते कापड, हस्तिदंत, अकीक, पिंपळी, सुगंधी मुळ्या. या व्यवहारातल्या जकातीवर डोळा ठेवूनच क्षत्रप नहपान आणि सातवाहन एकमेकांच्या उरावर बसले होते. कल्याण हे सातवाहनांकडचे बंदर. तिथे चुकून गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला आणली जात, असे पेरिप्लस सांगतो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या दोन तृतीयांशांच्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारून घेतला होता. जुनेच नाणे आणि वर नवा शिक्का. विजयाचा याहून रोकडा पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

त्याच नहपानाचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधली, असे नाशिकच्या लेण्यात कोरलेले आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच. तेरहून निघालेला गाडीवान महिन्याभराने इथे पोचल्यावर त्यातल्याच एखाद्या धर्मशाळेत पाठ टेकत असेल. आम्ही मात्र टेकडीखालच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून भडोचची प्रसिद्ध खारी सिंग खाल्ली. शेंगदाणे आमच्याकडेही पिकतात, पण इतके हलके, खमंग आणि सालासकट खारट कसे करतात ते पत्नीने दुकानदाराला खोदून खोदून विचारले. त्याने हसून सगळे सांगितले, फक्त मुख्य गोष्ट सांगितली नाही.

गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी चौदाव्या शतकातली जामा मशीद आहे, तिचे खांब देवळाच्या धाटणीचे. गावाबाहेर डच व्यापाऱ्यांच्या घुमटदार कबरी आहेत. सतराव्या शतकात इथले कापड घ्यायला इंग्रज आणि डच दोघेही आले होते. म्हणजे पेरिप्लसनंतर दीड हजार वर्षांनीही भडोचला माणसे कापडासाठीच येत होती. भृगू ऋषींचे मंदिर आहे. गावाचे नाव त्यांच्यावरून पडले असे तिथे सांगतात. मराठ्यांचाही इथे संबंध आला, आणि तो आपण मुलांना फारसा सांगत नाही. 1675 आणि 1686 साली मराठ्यांनी हा भाग लुटला. पुढे सालबाईच्या तहानंतर भडोच महादजी शिंद्यांकडे आले आणि 1803 साली इंग्रजांनी ते परत घेईपर्यंत सुमारे वीस वर्षे शिंदेशाहीत होते. तटावर उभे असताना एका गृहस्थांनी मला "महाराष्ट्रातून का?" असे विचारले. हो म्हणताना मला 1675 आठवले आणि उगीच अवघडल्यासारखे झाले.

मात्र तगरचे नाव मला कुठे आढळले नाही. पाटीवर नाही, माहितीफलकावर नाही, रिक्षावाल्याच्या बोलण्यात तर नाहीच. त्यांना दोष कसा देणार? मातीची भांडी टिकतात, दगड टिकतो, हस्तिदंत टिकते. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीची मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत 1938 साली सापडली. पाँपेई गाडले गेले इसवी सन 79 मध्ये, म्हणजे त्याआधीच ती इथून समुद्रापार गेलेली होती. पण ज्या मलमलीसाठी तगरचे नाव झाले तिचा त्या मातीत धागाही उरलेला नाही. विणणाऱ्यांची नावे तर कुणी लिहूनच ठेवली नाहीत. दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावे लेण्यांत आहेत. जुन्नरला भरुकच्छच्या दोन भावांचे नाव दान देणारे म्हणून कोरलेले आहे. ज्यांच्या घरात माग होता ते दान देण्याइतके मोठे झाले नसावेत.

दुपारी बाजारातून हिंडताना एका दुकानापाशी पत्नी थांबली. दारात खंभातच्या अकिकाच्या माळा टांगलेल्या होत्या. त्याचा दगड भडोच जिल्ह्यातल्याच रतनपूरच्या खाणींतून जातो, तो धंदाही जुना. तिने एक नारिंगी माळ हातात घेतली, मणी बोटांनी मोजल्यासारखे केले आणि परत लावून ठेवली.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. तेरच्या पांढरीवर पहिला पाऊस पडला की मातीतून मणी वर येतात. रंगीत दगडाचे, शंखाचे, काचेचे. तिच्या लहानपणी पोरी ते वेचून बाहुलीला माळा करत. कुणाला त्यात इतिहास दिसत नव्हता. तो दिसला गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांना. त्यांनी वर्षानुवर्षे अशा वस्तू जमवल्या आणि आज तेरचे संग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. माझी पत्नी 1974 साली लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या पेटीत तिने ओवलेली अशी एक माळ होती. मी ती शाळेत मुलांना दाखवायला नेई. पाच-सहा वर्षांनी एक अभ्यासू पाहुणे शाळेत आले. त्यांनी माळ पाहिली, जाणकारांना दाखवून परत पाठवतो म्हणाले. मी दिली. पत्ता घेतला नाही, पावती घेतली नाही. माळ परत आली नाही. घरी मी सांगितले, अभ्यासाला दिली आहे. ती काही बोलली नाही. मलाही वाटले, बाहुलीची माळ, एवढे काय त्यात.

भडोचच्या त्या दुकानात मी म्हटले, घे ही, आवडली असेल तर. ती म्हणाली, "नको. ही विकतची आहे." आणि चार पावले गेल्यावर, मागे न पाहता, "तुम्ही तेव्हा मला विचारलं नव्हतं."

पंचेचाळीस वर्षांनी ती हे बोलली. भर बाजारात मला काही उत्तर सुचले नाही. आपल्या मुलखातला ऐवज बाहेर गेला आणि नाव मागे राहिले नाही, असे मी सकाळपासून तटावर उभा राहून भाच्याला सांगत होतो. एक माळ तर मीच माझ्या हाताने, नावाची चिठ्ठीसुद्धा न जोडता, पाठवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुजनी विणणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. सुजनी म्हणजे भडोचची गोधडी, पण शिवलेली नव्हे. मागावर दोन पदर एकदम विणत जातात, त्यांत चौकोनी कप्पे होतात आणि विणतानाच त्यांत कापूस भरतात. मागाच्या दोन बाजूंना दोघे बसतात. टाका एकही नाही. पत्नीने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. ती त्या मागाशी अर्धा तास हलली नाही. भाषा येत नसताना तिचे आणि त्या घरातल्या बाईचे काय बोलणे झाले ते मला कळले नाही, पण निघताना दोघी हसत होत्या. मी त्या प्रवासात जे शोधत होतो त्याच्या सर्वांत जवळ बहुधा त्या अर्ध्या तासात ती पोचली होती.

दुपारी भाच्याने आम्हाला नर्मदेच्या मुखाकडे, दहेजला नेले. भडोचचा बंदराचा धंदा आता तिकडे गेला आहे. टाक्या, कुंपणे, पाइपलाइनी, परदेशातून जहाजाने येणारा द्रवरूप वायू उतरवण्याचे टर्मिनल. दोराने ओढणाऱ्या होड्या नाहीत. मोकळ्या किनाऱ्यावर आम्ही गाडी थांबवली. समुद्र चित्रातल्यासारखा निळा नव्हता. गढूळ, तांबूस, आणि ओहोटी असल्यामुळे लांबवर चिखलच चिखल. पत्नीने पदर सावरला आणि बराच वेळ पाहिले.

"हा तर तेरणेच्या पुरासारखा दिसतोय," ती म्हणाली.

मी म्हटले, पुढच्या वेळी कोकणात जाऊ, तिथे निळा आहे.

"असू द्या. पाहिला एकदाचा."

आम्ही निघेपर्यंत भरती लागली होती. आवाज काही फौजेसारखा नव्हता. पण मघाचा चिखल पाहता पाहता दिसेनासा झाला आणि भाचा गाडी मागे घेण्याची घाई करू लागला.

येरमाळ्याला परत आल्यावर चार-आठ दिवसांनी मी एक वही काढली आणि पत्नीला समोर बसवून म्हटले, ती माळ कशी होती ते सांग, मी लिहून घेतो. ती आधी नको म्हणाली, मग सांगू लागली. नारिंगी मणी अकरा, त्यांतला एक लांबट. काळ्यावर पांढरी रेघ असलेला एक. शंखाचे चार. निळ्या काचेचे दोन, पैकी एक टवका गेलेला. मधोमध पांढुरका, भोपळ्यासारख्या धारा पडलेला एक मोठा. ते कुठे सापडले ते मी विचारले. काही उत्तरेश्वराच्या देवळाजवळ, काही नदीच्या वाटेला, मोठा मणी थोरल्या बहिणीला सापडलेला, तिच्याकडून मागून घेतलेला. हे सगळे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

"आणि दोरा कसला होता?" मी विचारले.

"आईच्या जुन्या लुगड्याच्या दशांचा," ती म्हणाली. "वळून घेतला होता मी."